ओस्तापचा डबा

ट्रक चालूच ठेवून ओस्ताप
तेल भरायचं बूच काढतो
आणि तळहात त्या भोकावर धरतो,
आजारी वासराचं नाक चाचपावं तसा.
"जरा जास्तच सोडतोय," म्हणतो.
साडेतीन लाख किलोमीटर झाले, पिस्टनच्या कड्या झिजल्या.
जळलेला वायू फटींतून खाली उतरतो,
इंजिनाच्या पोटात तेलाचं धुकं करतो,
आणि ते धुकं कंपनीच्या नळीतून
टर्बोच्या तोंडी जातं.
पुढचे सगळे पाइप आतून तुपकट.
बोट फिरवून त्याने मला दाखवलं,
मग तेच बोट माझ्या नव्या टॉवेलला पुसलं.

ऑक्टोबरात त्याने सोपं करून पाहिलं:
नळी टर्बोपासून तोडली,
चेसिसखाली मोकळी सोडली.
योर्कटनला सिग्नलपाशी उभे राहिलो
की चाकामागून पांढरी फुंकर निघायची
आणि मागचा पोरगा हॉर्न दाबून ओरडायचा,
"आजोबा, आग!"
चर्चच्या आवारात आमच्या जागेवर
ताटलीएवढे डाग.
फादर काही बोलले नाहीत,
फक्त एक पुठ्ठा आणून ठेवला.

जानेवारीत, उणे अडतीसला,
नळीच्या तोंडाशी वाफ गोठली.
बर्फाचं बूच बसलं.
हायवे नऊवर मला एक बारीक शीळ ऐकू येत होती,
कनोरा सोडल्यापासून,
चहाची किटली दुसऱ्या खोलीत असावी तशी.
मला वाटलं, त्यालाही येतेय.
मला वाटलं, त्याला ठाऊक आहे ती कशाची.
चाळीस वर्षं ज्याने आवाजावरून
बेअरिंग ओळखली, त्याला मी काय सांगणार?

मग डिपस्टिक उडाली.
बॉनेटखाली धाडकन काहीतरी आपटलं
आणि आमच्यामागे बर्फावर
काळी रेघ, लांबच लांब,
कुणीतरी सही करता करता झोपी गेल्यासारखी.

नेस्टर टोचन घेऊन येईपर्यंत
आम्ही केबिनमध्ये एकाच ब्लँकेटखाली.
काचेला आतून बर्फ.
तो समोर बघत म्हणाला,
"उजवा कान गेलाय. दोन वर्षं झाली."
उजवा. म्हणजे माझ्या बाजूचा.
"डावाही उतरणीला लागलाय."
मी त्या दोन वर्षांतलं
आठवायला लागले, गाडीत बसून
मी कशाकशाला उत्तर मागितलं होतं
आणि तो मान हलवत गेला होता.
काही गोष्टींना त्याने हो म्हटलं होतं.
ती कुत्री त्यातलीच.

डबा त्याने फेब्रुवारीत केला.
स्टीलचा जुना थर्मास, कारण दुहेरी भिंत,
थंडी लवकर आत शिरत नाही.
दोन तोट्या वेल्ड केल्या, खाली एक नळ.
आत कोंबल्या तारेच्या घासण्या,
चर्चच्या स्वयंपाकघरातून मीच आणल्या,
विचारून.
धुकं तारांवर आदळतं, थेंब होतं,
थेंब तळाला बसतो, उरलेली हवा
पुन्हा टर्बोकडे जाते.
डबा इंजिनाला चिकटून, नळ्यांना स्पंजचं वेष्टन;
आता गोठायला उघडं तोंडच नाही.

दर शनिवारी नळ सोडतो.
ताकासारखं काहीतरी पडतं, पिवळट,
पाणी आणि तेल पार घुसळलेलं.
ओस्ताप ते बरणीत धरतो,
मार्करने वर किलोमीटर लिहितो,
खिडकीत मांडून ठेवतो.
माझ्या बिटाच्या बरण्या
खालच्या फळीवर गेल्या.

त्याचा तळहात बुचाच्या भोकावर असतो,
मी पलीकडे वाकून ऐकते
आणि डाव्या बाजूला जाऊन ओरडते:
"फुसफुस आहे! शीळ नाही!"
शेजारची सेल्मा कुंपणापाशी येऊन
पहिल्यांदा घाबरली होती.
आता हात करते.

कानाच्या डॉक्टरची तारीख मार्चमधली आहे,
योर्कटनलाच. ट्रकनेच जाऊ.
तो म्हणतो, डबा बसवलाय, आता काळजी नाही.
डिपस्टिकला मी तरी
तार बांधून ठेवलीय.